पोर्तुगिजातलं गाऱ्हाणं

इतकं निरुपयोगी शिक्षण इतका जीव लावून घेतलेलं माणूस, माझ्या आत्येबहिणीखेरीज, अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झालं नसेल. ऐंशी सालच्या आसपास आमच्या घरातल्या मुली डी.एड. नाहीतर बँकेच्या परीक्षा देत होत्या, तेव्हा ताईने मुंबईला जाऊन फ्रेंच आणि पोर्तुगीज घेऊन बी.ए. करायचं ठरवलं. "त्यापेक्षा टायपिंग शिक," तिचे वडील, आमचे आतोबा, म्हणाले. "तेही शिकते," ती म्हणाली, आणि दोन्ही शिकली.

सुट्टीत घरी आली की ती विहिरीच्या काठावर बसून नाकातले स्वर घोटायची. आत्येला वाटायचं, पोरीला सर्दी झाली. मग तुळस-मिऱ्यांचा काढा यायचा, ताई तो मुकाट्याने प्यायची आणि पुन्हा नाकात सुरू. बटाटा, पाव, चावी हे पोर्तुगिजातून मराठीत आलेले शब्द ती जरा अदबीने उच्चारायची. "लांबून आलेत गो बिचारे," म्हणायची. परक्या भाषेतलं काहीही वाचायचं तर आधी सगळं मोठ्याने, त्याच भाषेत, अर्थ नंतर. कुणी घाई केली तर म्हणे, "पाहुण्याला दारातच 'काम काय' म्हणून विचारतात काय?"

एका मे महिन्यात आम्हाला मासळी घालणारी काशीकाकी धापा टाकत आली. तिचा मुलगा बाबल्या बोटीवर खलाशी, आणि चार महिने त्याची काही खबर नव्हती. हातात पोर्तुगालच्या कुठल्याशा इस्पितळाचं पत्र. "वाच गो बाय, काय असंल तां असंल." पडवीत शेजारपाजार जमला. ताईने नियमाप्रमाणे पोर्तुगिजात सुरुवात केली, सावकाश, प्रत्येक वाक्याला थांबत. काशीकाकीला तो सूर ओळखीचा वाटला. देवळात गुरव तिच्यासाठी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाकडे मागणं मागतो आणि जमलेले प्रत्येक वाक्याला होकार देतात, अगदी तसा. तिने हात जोडले आणि वाक्य संपलं की म्हणू लागली, "व्हय म्हाराजा!" तिच्यामागून सगळी पडवी, आणि शेवटी आतोबासुद्धा. मला आधी हसू फुटलं, मग काकीकडे बघून मीही हात जोडले.

पाचव्या वाक्याला ताईने जन्मात पहिल्यांदा आपला नियम मोडला. "काकी, बाबल्या जिता हाय गो! पायाचं ऑपरेशन झालंय. चालायला लागला की धाडतायत!" एवढं बोलून ती स्वतःच हमसून रडायला लागली.

गणपतीला बाबल्या लंगडत घरी आला. त्यानंतर आतोबांनी टायपिंगचं नाव काढलं नाही. ताई पहिल्या वर्गात पास झाली, आणि ज्या भाषेने काशीकाकीचा मुलगा घरी आणला तीच तिला लिस्बनला घेऊन गेली. तिथे ती शिकवते. पत्रं मात्र मराठीत येतात. काशीकाकी आता थकलीय, मासळीची पाटी सुटली, तरी ताईचं पत्र आलं की पडवीत येऊन बसते आणि मी वाचतो.

"इथे फार थंडी आहे."

"व्हय म्हाराजा."

"तुमची सगळ्यांची आठवण येते."

"व्हय म्हाराजा."

पत्र संपलं तरी तिचे हात जोडलेलेच असतात. "कधी येतंय म्हणून लिवलान काय?" ती विचारते. मागची बाजू कोरी आहे हे मला ठाऊक असतं, तरी मी कागद उलटून बघतो.