मारुतीदादाची भेदरं

पंधरवडा झाला. सांगलीत माझ्या दारात भाचा उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, आबा गेलं..." नव्वदी ओलांडलेला माझा थोरला भाऊ, मारुतीदादा. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच मान टाकली. रडू आलंच, पण त्यामागोमाग एक जुनी धांदल अशी अंगात शिरली, की आमचं गाव, कोरेगाव, येईपर्यंत मी भाच्याला तेच सांगत राहिले.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. वडील नव्हते. आईनं स्वतःच्या हिमतीवर मळ्यात लष्करी छावणीसाठी टोमॅटो लावले होते. भेदरं म्हणायचो आम्ही. युद्ध संपलं, छावणी उठली आणि माल न्यायला येणारी लॉरी बंद झाली. गावात भेदरं कोणी फारसं खात नसे, आणि झाडं तर लगडलेली. पाट्याच्या पाट्या म्हशींपुढे ओतल्या, शेवटी त्यांनीही तोंड फिरवलं. आई बांधावर नुसती बसून राहायची. अशात दादा पलटणीतून, थेट इटलीहून परतला. ट्रंक ओसरीवर टाकून मळ्यात गेला तो पळतच परत आला. "आये, फेकू नगंस! तिकडं बाया ह्येच शिजवून फळ्यांवर वाळवत्यात. वरीसभर खात्यात!"

"आन् आपल्याकडं खायाचं कुनी?" आई म्हणाली.

पहिला घाणा बिघडला. घाईघाईत कल्हई उडालेल्या पातेल्यात रस आटवला आणि तो असा कळकला, की जिभेवर ठेवताच तोंड कडू झालं. सगळा उकिरड्यावर गेला. भावकीतले काका कुंपणावरून म्हणाले, "लढाईवरनं सैपाक शिकून आलास व्हय रं?" दादा तसाच गावात गेला आणि कल्हईवाल्याला हाताला धरून घेऊन आला.

मग मात्र जमलं! साली-बिया गाळून, मीठ घालून रस मंद जाळावर आटवला, जुन्या दाराच्या फळ्या घासून माळवदावर मांडल्या आणि त्यांवर पसरला. राखण माझ्याकडे, घटकेघटकेला हातानं परतायचं. पहिल्या दिवशी लालभडक, दुसऱ्या दिवशी विटकरी, चौथ्या दिवशी काळपट तांबडा आणि चिकट... पाटीभर भेदऱ्यांचा माझ्या दोन मुठींएवढा गोळा झाला! करडईचं तेल चोळून तो बरणीत भरताना आम्ही दोघं अक्षरशः नाचलो.

गावानं तरीही नाक मुरडलं. तेवढ्यात माण तालुक्याकडचे धनगर मेंढरं घेऊन आमच्या रानात बसायला आले. त्यांतले म्हातारे धुळाबा मिरचीशी कोरडी भाकरी खात होते. दादानं गोळ्याचा तुकडा पाण्यात कालवला, लसूण ठेचून टाकला आणि त्यांच्या भाकरीवर ओतला. धुळाबांनी एक घास घेतला. थांबले... दुसरा घेतला. आणि तळावरच्या सगळ्या वाड्याला हाक मारली, "आरं या रं! चिच न्हाई, ताक न्हाई, आन् आंबाट लय झ्याक!"

"टिकतंय किती दिस?" त्यांनी दादाला विचारलं.

"मिरगापत्तोर, धुळाबा."

बरण्या रिकाम्या करून नेल्या त्यांनी. बदल्यात, एरवी खतासाठी मेंढरं बसवायचं धान्य घेतात तेही न घेता, ती चार दिवस जास्त बसवली. लेंडीखतानं रान काळंभोर झालं. पुढच्या हिवाळ्यात आईनं मुद्दाम भेदरं लावली. धुळाबांच्या मागोमाग आणखी तीन वाडे आले, आल्या आल्या म्हणाले, "आवं, तांबडा गोळा हाय का?" आणि कुंपणावरचे काका डोक्यावर पाटी घेऊन दारात उभे, "मारुत्या, माजंबी घालतूस का फळीवर?" दादानं हसून पाटी उतरून घेतली. आई त्या दिवशी किती हसली!

परवा, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी सांगलीला निघाले होते. पारूवहिनी, दादाची बायको, काठी टेकत अंगणात आली. यंदाच्या भेदऱ्यांच्या पाट्या तिथं तशाच पडून होत्या. डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"वन्सं, ऊन वाया चाललंय," ती म्हणाली, आणि सुनेला फळ्या काढायला लावल्या.

मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला.