न धुतलेली मुळे

ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीतील एका लहानशा शिवालयाची पूजा शरदिनीबाईंच्या सासरी परंपरेने चालत आली होती. यजमान निवर्तल्यावर पूजा पुतण्या करू लागला. देवळामागचे बेलाचे झाड मात्र बाईंच्या वाट्याला आले. शिवाला वाहायचे त्रिदळ याच झाडाचे असावे, बाजारातले नव्हे, असा त्या घराचा नेम. झाडाचे खोड आतून पोखरले जात होते. ते गेले की नेम मोडणार, हे बाईंना दिसत होते. म्हणून त्याच्याच फळांच्या बिया कुंडीत रुजवून त्या दर श्रावणात एक रोप अंगणात लावीत. त्यातले एकही दिवाळी पाहत नसे.

लावण्याची रीत त्यांची स्वतःची होती. रोप देवाच्या अंगणात जायचे, म्हणून सोवळे नेसून ते कुंडीतून काढायचे आणि गंगाजलाने मुळे धुवायची. मातीचा कणही राहू द्यायचा नाही. खड्ड्यातही गंगेची धुतलेली वाळू भरायची. रोप मेले, की आपल्याच सेवेत काही न्यून राहिले असे समजून पुढच्या वर्षी त्या मुळे अधिक निगुतीने धूत.

१९९८च्या श्रावणात त्यांचा भाचा अनिमेष भेटीस आला. तो तिथल्याच एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवी. बाई परातीत मुळे चोळत बसल्या होत्या.

"अगं मावशी, ये क्या कर रही हो?"

"मराठीत विचार. रोपाला स्नान घालतेय."

"शेवटचं स्नान का? मणिकर्णिकेचं स्मशान जवळ आहे म्हणून इतकी घाई?"

"जीभ आवर, मेल्या! देवाच्या झाडाला चिखल फासून ठेवू?"

अनिमेष हसला आणि परातीशेजारी बसला. "मावशी, मुळांना बुरशीचे तंतू लगडलेले असतात. इतके बारीक, की दिसतही नाहीत. ते लांबून पाणी आणि क्षार आणून देतात. झाड त्यांना साखर देतं. हेच तंतू शेजारच्या झाडाच्या मुळांतही शिरतात. परदेशातल्या एका जंगलात एका झाडाचं अन्न दुसऱ्यात पोचल्याचं गेल्याच वर्षी मोजलंय. तू तंतू धुतेस, नाजूक मुळं तोडतेस आणि वर कोरी वाळू भरतेस."

"बुरशी आलेलं लोणचं मी बरणीसकट टाकते, आणि तू मला बुरशीचं माहात्म्य सांगतोस?"

"ही ती बुरशी नव्हे."

बाईंनी देवळामागच्या जुन्या बेलाकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "म्हणजे हे म्हातारं त्या पोराला पोसेल?"

"ते मी नाही सांगू शकत. पण त्यांची ओळख तर होऊ दे."

परातीतले रोप बाईंनी बाजूला ठेवले. आत जाऊन त्या सोवळे सोडून साधे लुगडे नेसून आल्या. जुन्या बेलाच्या मुळांलगतची काळी, कुजक्या पानांची माती त्यांनी स्वतःच्या हातांनी उकरली आणि कुंडीतले दुसरे रोप मातीच्या गड्ड्यासह तिथे बसवले. नखांत माती गेली होती.

"त्याचं स्नान राहू दे," त्या म्हणाल्या, "माझंच मी करून येते." आणि घाटाकडे निघाल्या.

ते रोप दिवाळीनंतरही हिरवे होते. एका रोपावरून काही सिद्ध होत नाही, असे अनिमेषने बजावले. जुन्या झाडाने काही दिले, की न दुखावलेल्या मुळांनीच निभावून नेले, हे सांगायला मातीखाली कोणी पाहिले नव्हते. बाईंनीही तसा आग्रह धरला नाही.

पुढच्या ज्येष्ठात वावटळीने जुना बेल मोडून पडला. रोपाला इजा झाली नाही. लाकूडतोड्याने खोड तोडले आणि मुळांवर कुदळ उगारली, तेव्हा बाई आडव्या आल्या.

"खोड ले जाओ भैया, जड़ मत छूना."

"माताजी, अब इसमें क्या रखा है?"

"बच्चा छोटा है अभी," त्यांनी रोपाकडे बोट दाखवले.

तो कुदळ खांद्यावर टाकून हसत गेला. बाईंनी स्नान केले, सोवळे नेसले आणि रोपाला नमस्कार करून त्याचे एक पान खुडले. त्या दिवशी देवाला एकच त्रिदळ वाहिले गेले. ते त्याच अंगणातले होते.