सांगून ठेवलेलं चित्र

हसणार असाल तर मी आत्ताच उठतो. नाही, खरंच! हा प्रकार मी आजवर चौघांना सांगितलाय आणि चौघंही सोफ्यावर आडवे झाले. त्यातली एक माझी सख्खी बायको. गाढवपणा माझाच, कबूल. पण माझा संताप कोणी लक्षातच घेत नाही हो! मला आजही आठवलं की कानशिलं तापतात.

तर, चित्र होतं एका डच गावाचं. मधोमध कालवा, त्यावर दगडी कमानीचा पूल, दोन्ही काठांना उंच, चिंचोळी घरं आणि मागे चर्चचा मनोरा. चित्रकार कोण, कुणालाच ठाऊक नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या लिलावघराच्या वेबसाइटवर मला ते दिसलं आणि वेस्ट विंडसरच्या आमच्या किचनमध्ये मी चक्क ओरडलो. गाव होतं डेल्फ्ट! लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही तिथे काढली, कंपनीच्या प्रोजेक्टवर. त्याच पुलावर विद्या नव्या सायकलसकट आपटली होती आणि उठून माझ्यावरच चिडली होती. आता लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. म्हटलं, भेट द्यायची तर हेच!

विद्याला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून फक्त एकाला सांगितलं, अविनाशला. अव्या नागपूरचा, मी पुण्याचा. अमेरिकेत आम्ही एकाच आठवड्यात उतरलो, त्याला अठरा वर्षं झाली. या देशात मला अर्ध्या रात्री फोन करता येईल असा तो एकच माणूस. त्याला फोटो दाखवला, आकडाही सांगितला.

"एकवीसशे एक डॉलर्सपर्यंत जाणार. त्यापुढे नाही."

"वरचा एक कशाला बे?"

"शुभ असतो! लग्नाच्या पाकिटात घालत नाहीस का?"

"चित्र मस्त आहे यार," तो म्हणाला. "आमच्या फायरप्लेसवर काय दिसेल!"

हे वाक्य मला खटकलं होतं. तेव्हा बोललो नाही, एवढंच.

मग मी काय केलं? कुठल्याही मराठी माणसाने केलं असतं तेच. सराफाकडे पाटल्या आवडल्या आणि हातात वेळ नसला, तर आपण काय करतो? सांगून ठेवतो. तसा मी लिलावघराला फोन लावला. पलीकडे डॉट नावाची एक प्रेमळ आजीबाई होती. तिला म्हटलं, हे चित्र मला हवंय, एकवीसशे एकपर्यंत माझी तयारी आहे, जरा लक्ष असू द्या. तिने माझ्या फोन नंबरसकट सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. नाव विचारल्यावर मी 'सॅम' म्हणालो. श्यामकांतचं स्पेलिंग कोण सांगत बसणार? कॉफीच्या दुकानातही मी सॅमच असतो.

"काही काळजी करू नका, सॅम," ती म्हणाली. "तुमच्या वतीने मी बघते."

किती बरं वाटलं! म्हटलं, अमेरिकेतही माणुसकी आहे. शब्द टाकून झाला.

तरी आपण स्वतः गेलेलं बरं, नाही का? शनिवारी सकाळी विद्याला "टायर बदलून येतो" अशी थाप मारली आणि दीड तास ड्राइव्ह करून तिथे पोचलो. काउंटरवर दुसरीच कोणी बाई होती. तिने ड्रायव्हिंग लायसन्स बघून माझं अख्खं नाव टाइप केलं, बापाच्या नावासकट, आणि सत्तेचाळीस नंबरचं पुठ्ठ्याचं कार्ड हातात दिलं.

चित्र आलं. लिलाव पुकारणारा माणूस इतक्या वेगाने बोलत होता की मला फक्त आकडे कळत होते. मी आपला शहाण्यासारखा गप्प बसलो. म्हटलं, लोकांना दमू द्या. नऊशेवर सगळे दमले.

"साडेनऊशे, बुकवर!" तो ओरडला.

मी कार्ड वर केलं. हजार!

"अकराशे, बुकवर!"

बाराशे!

"तेराशे, बुकवर!"

मी मान वळवून वळवून पाहिलं. एकाही माणसाचा हात वर नाही! शेजारी टोपीवाले एक आजोबा होते, त्यांना विचारलं, "हा बुक कोण आहे?"

"जो आलेला नाही तो," ते म्हणाले. "आधीच आकडा देऊन ठेवलाय त्याने. त्याच्या वतीने हा पुकारतो."

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मी इथे टायरची थाप मारून, दीड तास गाडी हाणत यायचं, आणि हा भामटा घरी पायजम्यात लोळत माझं चित्र पळवणार? समोर यायची हिंमत नाही? वहीच्या आड लपून लढायचं? तुमच्या-माझ्यासारख्या सरळ माणसाला असला भेकडपणा सहन होईल का? मी तिरीमिरीत उभाच राहिलो.

"सर, बसलात तरी तुम्ही मला दिसता," लिलाववाला म्हणाला.

हॉल हसला. मी बसलो नाही. चौदाशे! सोळाशे! अठराशे! दर वेळी तो बुक आपला माझ्या वर. दोन हजारांचं कार्ड मी असं काही उगारलं की टोपीवाल्या आजोबांनी आपली खुर्ची सरकवली.

लिलाववाल्याने वहीत पाहिलं. चष्मा सारखा केला.

"एकवीसशे... आणि एक. होय, एकवीसशे एक, बुकवर."

पुन्हा सगळे हसले. मी मात्र थिजलो. कुठला अमेरिकन माणूस वर एक डॉलर लावतो? हे काम आपल्यापैकीच कोणाचं तरी! आणि आकडा? माझा! अगदी तोच! आणि तो जगात कोणाला माहीत होता?

फायरप्लेस!

"बावीसशे!" मी इतक्या जोरात ओरडलो की पुढच्या रांगेतल्या बाईंची पर्स खाली पडली. हातोडा आपटला. चित्र माझं झालं, पण आनंद कसला? मी तसाच तणतणत पार्किंगमध्ये गेलो आणि अव्याला फोन लावला.

"हरामखोरा!"

"काय बे? मी आमच्या रियाच्या पोहण्याच्या स्पर्धेला आलोय, नंतर बोलू का?"

"खोटं बोलू नकोस! वहीच्या आड लपलास ना?"

"कोणती वही?"

"आणि वर माझाच आकडा लावलास! निदान स्वतःचं डोकं तरी चालवायचं! पंचवीस वर्षांनी बायकोला एक धड भेट देत होतो मी, तीही तुला बघवली नाही?"

"श्याम्या, तू काय बोलतोयस ते मला एक अक्षर कळत नाहीये."

"कळेल! आग लागो तुझ्या त्या फायरप्लेसला!"

"ती रोजच लागते बे."

"विनोद करू नकोस! अठरा वर्षं मी तुला भाऊ मानला. आजपासून तुझा माझा संबंध संपला!"

पलीकडे पंचांची शिट्टी वाजली. मग तो म्हणाला, "ठीक आहे." आणि फोन बंद.

खरं सांगू? त्या 'ठीक आहे'ने मी हबकलो. मी चिडतो, तो दुप्पट शिव्या देतो, मग आम्ही दोघं डोसा खायला जातो, असं आमचं ठरलेलं. 'ठीक आहे' तो कधी म्हणालाच नव्हता. वाटलं, परत लावावा फोन. पण पारा चढला की मला माझंच ऐकू येत नाही. चोर तो, आणि फोन मी करू?

पैसे भरायला आत गेलो. आता काउंटरवर पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. छातीवर बिल्ला, डॉट. मला ओळख काढायचीही इच्छा नव्हती. मी घुश्शात कार्ड पुढे सरकवलं.

"एक मिनिट थांबता का?" त्या म्हणाल्या. "एका गृहस्थांना वाईट बातमी द्यायचीय. बिचारे फोनवर इतके गोड बोलले होते! एकवीसशे एकपर्यंत बघा म्हणाले, आणि मी शब्द दिला होता."

त्यांनी वही उघडली, बोट ठेवून नंबर फिरवला.

माझा खिसा वाजायला लागला.

काय अवस्था झाली असेल माझी, सांगा! घाईघाईने खिशात हात घालून कॉल कट केला.

"कट केला हो," डॉट हळहळल्या. "फार लागलं असणार त्यांना."

मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी हळू आवाजात मेसेज ठेवला. मी खरं सांगितलं? छे! खाली मान घालून पैसे भरले, चित्र काखोटीला मारलं आणि पळालो.

गाडीत बसून अव्याला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. आता मात्र माझ्या डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षं आली, अव्याशिवायची. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"अव्या, शिव्या नंतर दे. आधी हे ऐक," मी म्हटलं आणि मेसेज स्पीकरवर लावला.

"सॅम, मी डॉट. फार वाईट वाटतंय, चित्र हातचं गेलं. साडेनऊशेत तुम्हाला मिळालंच होतं हो! पण हॉलमध्ये एक भयंकर तापट माणूस आला होता, तो कोणाचं ऐकेचना. तुमच्यासारखा शांत, सज्जन माणूस अशांच्या नादी कशाला लागेल? काळजी घ्या."

पलीकडे पुन्हा शिट्टी वाजली. मला वाटलं, संपलं.

"श्याम्या," अव्या म्हणाला, "त्या बाईकडून या सॅमचा नंबर घे बे. मला अठरा वर्षं चुकीचा माणूस मिळालाय."