चाचांचा डावा हात

रेकॉर्डिंग संपलं की माझं काम सुरू होतं. जळगावच्या एका लहानशा स्टुडिओत मी हळदीची, लग्नाची, यूट्यूबवर टाकायची खानदेशी गाणी नीट करते. वाजवणारे वाजवून जातात आणि मी हेडफोन लावून संगणकासमोर बसते. पडद्यावर ढोलकीचा एकेक ठोका उभ्या काट्यासारखा दिसतो, त्याच्यामागे मात्रांच्या बारीक रेषा. ठोका रेषेच्या मागेपुढे पडला असेल तर तो कापायचा, सरकवायचा आणि जोड ऐकू येणार नाही असा सांधायचा.

चाचांच्या ढोलकीला हे कधी करावंच लागत नसे. चाचा धुळ्याचे, साठीच्या आसपासचे, पेशाने शिंपी. गाणं असलं की दुकान बंद ठेवून सकाळच्या एसटीने यायचे, स्वतः शिवलेल्या गवसणीतली ढोलकी मांडीवर घेऊन. मी पिंपळनेरकडची, म्हणून माझ्याशी अहिराणीत बोलायचे. आम्ही त्यांच्या ढोलकीला दोन माईक लावायचो, उजव्या हाताला एक आणि डाव्या हाताच्या खर्जाला, म्हणजे घुमाऱ्याला, एक. दोन्हींचे काटे पडद्यावर असे चालायचे की मी नुसती बघत बसायचे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका गाण्यात डाव्या हाताचे काही ठोके मागे पडलेले दिसले. आधी वाटलं, वायरीत दोष असेल. पण उजव्या माईकमध्येही डाव्या हाताचा आवाज थोडा शिरतो, आणि तिथेही तो तितकाच उशिरा होता. वीसेक ठोके होते. सरकवले आणि विसरून गेले.

पुढच्या गाण्यात साठ निघाले. शिवाय आता ते नुसते उशिरा नव्हते, लहानही होत चालले होते. ओळीच्या सुरुवातीला घुमारा मोठा, मग त्याहून लहान, मग आणखी लहान. ध्रुवपद आलं की पुन्हा मोठा. जिना उतरावा तशी ती आकृती दिसायची. मी स्टुडिओच्या मालकांना बोलावून दाखवलं.

"भाऊ, चाचांचा हात बघा."

त्यांनी वाकून पाहिलं. "वय झालं. तू नीट करतेस ना?"

"करते. पण त्यांना सांगायला हवं का?"

"काय सांगणार? वाजवणाऱ्याचं मन मोडू नये. दुरुस्ती हेच तर आपलं काम."

ते ऐकून मला जरा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तयार झालेलं गाणं ऐकल्याशिवाय चाचा कधी जात नसत. दुपारची बस सोडून थांबायचे. त्या दिवशी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं आणि डाव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली.

"मले वाटे हात जड व्हयना," ते म्हणाले. "पन नही. बठ्ठं बराबर शे."

मी हेडफोनची वायर गुंडाळत राहिले. मग विचारलं, "चाचा, डावा हात दुखतो का?"

"मशीनवर बसीबसी दुखस थोडा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "का? तुले काही दिखनं का?"

"नाही. सहज विचारलं."

हे मी का म्हटलं, याचा विचार नंतर पुष्कळ केला. मी डॉक्टर नव्हते. शिवाय भीती होती की मालकांनी मनावर घेतलं तर चाचांना बोलावणंच बंद होईल. पण खरं म्हणजे त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की त्या क्षणी माझं तोंड उघडेना.

पावसाळ्यापर्यंत आणखी चार गाणी झाली. शेवटच्या गाण्यात सरकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. डाव्या हाताचे निम्मे ठोके इतके दबलेले की वाढवले तर नुसती खरखर यायची. मग मी दोन वर्षांपूर्वीचं त्यांचंच एक गाणं उघडलं, त्यातला घुमारा तुकड्यातुकड्याने उचलला आणि इथे बसवला. चाचांनी ते ऐकलं, खूश झाले, मोबाईलमध्ये घेऊन गेले.

आठवड्याभराने चाचींचा फोन आला. त्या मला फोन करत नसत.

"बेटी, तुमच्याकडे हे नीट वाजवतात ना?"

"का, चाची?"

"ह्यांच्या अंगातल्या सदऱ्याची बटणंसुद्धा मी लावून देते. बाह्यांची शिलाई वाकडी जाते, गिऱ्हाईक कपडे परत आणतं. डॉक्टरकडे चला म्हटलं की मोबाईल काढून गाणं लावतात. म्हणतात, हे ऐक, हात बिघडला असता तर असं वाजलं असतं का?"

उद्या येते, एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन धुळ्याला गेले. चाचा दुकानात मशीनमागे बसले होते, समोर कापलेला कुर्ता तसाच पडलेला. चाचींनी शटर अर्धं खाली ओढलं. मी त्या शेवटच्या गाण्याचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, हात न लावलेलं. चाचा ऐकत होते. अर्ध्यावर त्यांनी बोटाने थांबवायला सांगितलं.

"कोन वाजाडी राहिना?"

"तुम्हीच, चाचा."

"आन् मना मोबाईलमधलं?"

मी सांगितलं. उन्हाळ्यापासूनचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पुन्हा लाव म्हणाले, आणि ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मग चाचींना म्हणाले, "चलो, दिखा के आते हैं."

मीही सोबत गेले. डॉक्टरांनी त्यांना डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भरभर आपटायला सांगितलं. पहिल्यांदा बोटं चांगली लांब उघडली, मग थोडी कमी, मग आणखी कमी, आणि शेवटी नुसती चिकटून थरथरत राहिली. मी खिडकीबाहेर पाहू लागले. तो जिना मी महिनोन्‌महिने पडद्यावर पाहिला होता आणि दर वेळी सपाट करून दिला होता.

कंपवात निघाला. "कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं. चाची म्हणाल्या, महिना झाला असेल. मी सांगितलं, मार्चपासून. आधी आणलं असतं तर बरा झाला असता का, हे मी मागे थांबून एकटीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, हा बरा होणारा आजार नाही. पण गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या तर तेवढे महिने सोपे गेले असते.

गोळ्यांनी फरक पडला. चाचा आता सरळ शिलाई करतात, बाह्या चाची लावतात. ढोलकी कमी वेळ वाजवतात, आणि फक्त घरी. स्टुडिओत मालकांनी ढोलकीचे तयार आवाज घेतले आहेत. ते मी संगणकावरच मांडते. प्रत्येक ठोका रेषेवर पडतो.

परवा चाचांचा फोन आला होता. उकाड्याचं, नातवाच्या शाळेचं बोलणं झालं. ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "काही काम शे का तठे?"

त्याच सकाळी मी दोन गाणी पुरी केली होती.

"सध्या काही नाही, चाचा."

"बरं. काम उनं त सांग."

मी हो म्हटलं.