हिरव्या दाराकडं गेलेलं बोट

मास्तरांच्या घराची गोष्ट सांगावी तर म्याच, साऱ्या लोहारा तालुक्यात माझ्यावानी सांगणारा न्हाय. फक्त तिच्यात जे खरं व्हतं, तेवढंच सांगायचं म्या सोडून दिलं.

ह्ये पुरतं कुनाला सांगितलेलं न्हाय. बायकोला न्हाय, देवापुढं उभं राहून देवाला बी न्हाय. एकदा सांगाय गेलो — त्येचं काय झालं ते पुढं येईलच. आज तुमी भेटलाय, निवांत हाय, म्हणून सांगतुय — न्हाय, तसं बी न्हाय. तुमच्यातलं कुनी त्या घरी येऊन गेलं असंल, माझं ऐकून मान हलवून गेलं असंल. म्हणून.

आधी मास्तर कोन ते सांगतो. निजामाच्या वक्ताला आमच्या गावात पोरं शिकवायचे आन् मोठ्यांना राज्याविरुद्ध उठवायचे. त्येंचं घर जसंच्या तसं ठेवलंय. भिंतीला चुना, दारावर पितळी पाटी. आत बाज, कंदील, काचेच्या पेटीत धोतर, आन् त्येंच्या बायकोचं जातं. किल्ली माझ्याकडं असती. मलाच का? समोर राहतो आन् दुसऱ्या कामाचा न्हाय म्हणून. दुसरीतनं पळालेला माणूस मास्तरांच्या घराचा राखणदार! मास्तर असते तर पहिली छडी माझ्याच पाठीवर मोडली असती.

बघाय आलेली माणसं खरी येत्यात ती सान्यासाठी. आमच्याकडं घरावर मातीचं माळवद असतंय, आन् उजेड-धुरासाठी माळवदाला एक भोक — ते सानं. पहाटं रझाकार दारात आले. बाई जातं ओढत राहिल्या, ओवी म्हणत, म्हंजी घरात बाईमाणूस एकटंच हाय असं वाटावं. आन् मास्तर कणगीवर पाय दिऊन सान्यातनं वर निघाले. दार फोडून आत आलेल्यांना पिठाशिवाय काय घावलं न्हाय.

इथवर सगळं खरं हाय. पुढचं बी खरं मला ठावं व्हतं. ध्यानात ठिवा — ठावं व्हतं.

मास्तरांच्या माळवदाला चिकटून एकच माळवद हाय, मेहबूबचाचांचं. पिंजाऱ्याचं घर, गाद्या-लेप भरायचं काम. बाकी तिन्ही अंगाला बोळ. माझा बाप तवा शेळ्या राखणारं पोरगं व्हता, त्येनं डोळ्यानं बघितलं. मास्तर त्या माळवदावर गेले, तिथनं खाली उतरले. चाचांच्या आईनं, अम्मांनी, त्येंना पिंजलेल्या कापसात दडवलं, भाकर चारली, आन् उन्हं वर आल्यावर स्वतःचा बुरखा घालून बैलगाडीत बसवून गावाबाहेर काढलं. बाप सांगताना हसायचा — "बुरख्याखालनं मास्तरांचे पाय दिसत व्हते, फावड्यावानी."

किल्ली आली तवा म्या ह्येच सांगायचो. पायांचं आलं की लोक हसायचे, आन् लोक हसले की मला भूक लागत न्हाय. पर एकदा फायलीवाला एक साहेब भडकला. म्हणाला, "थोर माणसाला बुरखा घालतो? थट्टा लावलीस?" बापानं बघितलंय म्हणायचं, तर म्या म्हणलं, "चुकलं साहेब." त्या दिवसापासनं बुरखा गेला. बुरखा गेला तशी अम्मा गेली. अम्मा गेली तसं शेजारचं घरच गोष्टीतनं गेलं. मास्तर सान्यातनं निघायचे आन् नुसते निघून जायचे.

ह्ये कारण म्हणून सांगत न्हाय. कसं कसं झालं ते सांगतुय.

मंग एक सहलीची गाडी आली. माणसं कंटाळलेली, जांभया देत उभी. एकानं विचारलं, "पण रझाकारांना खबर दिली कोणी?" आता — न्हाय ठावं, असं म्हणायला काय लागतंय? ते ठावं न्हवतंच कुनाला, बापाला बी न्हाय. पर जांभया द्यायच्या थांबल्या व्हत्या. सगळे माझ्याकडं बघत व्हते. आन् माझं बोट उठलं. शेजारच्या दाराकडं गेलं.

तेच दार का? दार हिरवं व्हतं. तुमी बी समजला न्हवं? तेबी तसंच समजले. पुरावा मागितला न्हाय, नाव विचारलं न्हाय. नुसती मान हलवली — वाटलंच व्हतं, अशी. म्या तोंडानं एवढंच म्हणलं, "घरभेदी लांब नसतो." त्या दिवशी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

एकदाच झालं असतं तर? तर बी काय. पर एकदा न्हाय झालं. दर गाडीला झालं. दर गाडीला त्यात थोडं मीठ पडत गेलं — कंदिलाची खूण, मागच्या बोळातला निरोप. रचाय मला लई येतं.

मेहबूबचाचा दारातल्या ओट्यावर बसून लेप शिवायचे. आधी येनाऱ्याला पानी विचारायचे. मंग येनारे त्येंच्याकडं बोटं दाखवाय लागले. कुनी फोटू काढायचं. एक तरणा पोरगा ओट्यावर थुकला, म्या दारात किल्ली घिऊन उभा व्हतो. कुनीतरी माझं बोलणं मोबाइलात भरलं आन् ते फिरून आमच्याच गावात आलं. बाजाराच्या दिवशी पोरं चाचांना मागनं "फितूर" म्हणाय लागली. गाद्या भराय येनारी घरं कमी झाली. बाप ज्येंच्या अम्मांची भाकर सांगत मेला, त्या घरच्या गाद्या!

एक दिवस चाचांनी मला हाक मारली. भांडले न्हाईत. सुईत दोरा ओवत विचारलं, "सुदाम, तुज्या बापानं तुला काय सांगितलं न्हवतं का रे?"

तिथं काय म्हणायचं व्हतं ते तुमाला ठावं हाय. मला बी ठावं व्हतं. बोळात चार माणसं उभी व्हती, माझ्या तोंडाकडं बघत, आता सुदाम काय म्हणतोय म्हणून. म्या म्हणलं, "बाप माझा माझ्यावानीच, चाचा. त्येचं काय खरं धरताय?"

चौघं हसले. चाचांनी सुई टोचली आन् लेप घडी घालून आत नेला.

म्हंजी एका दमात म्या दोन माणसं बुडवली. एक जितं, एक मेलेलं.

पुढच्या हप्त्यात चाचांनी ते दार विटांनी बुजवलं आन् मागच्या बोळात नवं दार पाडलं. वर हातभर झरोका ठिवला, वाऱ्याला. विटा द्यायला कोन गेलं व्हतं? म्याच. शेजारधर्म! वर इचारलं बी, "चाचा, वास्तुशांत कधी?" त्येंनी वीट घेतली माझ्या हातातनं. बस.

चाचा गेले ते दोन पावसाळ्यांमागं. जनाजा मागच्या बोळातनं काढावा लागला. बोळ अरुंद, वळणावर खाट तिरकी करावी लागली, दोघांनी धरून ठिवलं म्हणून निभावलं. म्या लांबून बघितलं. खांदा द्यायला गेलो न्हाय. कुठल्या तोंडानं? आन् दुसऱ्या दिवशी गाडी आली, तर तेच सांगितलं. तेच बोट. आता तर दाराच्या जागी विटा व्हत्या — म्या म्हणायचो, "बघा, शरमेनं दार बुजवलं."

ह्ये मला आधी सांगाय पायजे व्हतं. राहूनच चाललं व्हतं.

आता ह्या उन्हाळ्यातलं. येरमाळ्याकडची एक म्हातारी मावशी, मुरुमला लग्नाला निघालेली, लेक-जावई आन् त्येंच्या पोरांसंगं जीपनं आली. शिडीनं माळवदावर चढली, सान्याशी उकिडवी बसली. माझं सगळं ऐकलं. मंग चौफेर बघितलं आन् म्हणाली, "आमचं बी माळवदाचंच घर व्हतं बाबा. सान्यातनं निघाल्यालं माणूस कुठंतरी उतरतंय. इथं तिन्हीकडं बोळ. चौथीकडं ह्येंचं माळवद. मंग ज्येनं खबर दिली त्येच्याच घरात उतरले व्हय तुमचे मास्तर?"

एवढ्या गाड्या आल्या. शिकलेली, फायलीवाली, चष्म्याची माणसं आली. ह्ये कुनी विचारलं न्हवतं.

म्या म्हणलं, "थोर माणसं उडत बी असत्यात, मावशी."

जावई हसला, पोरं हसली. मावशी हसली न्हाय. माझ्याकडं बघत राहिली — जसं भाकर करपल्याचा वास आल्यावर बाई चुलीकडं बघती. मंग म्हणाली, "उतरव मला."

खाली बोळात आली, विटांवर तळवा टेकवला. "आन् ह्ये दार कशापायी बुजवलं?"

म्या किल्ली मुठीत दाबली. जीप चालू व्हती. अजून एक गंमत करायची, जीप निघून जाईल — येत व्हतं मला, तोंडात आलं बी व्हतं. पर मावशीचा हात विटांवरनं निघंना.

म्या मान खाली घातली आन् पुटपुटलो, "त्ये फितूर न्हवते. ह्याच घरानं वाचवलं मास्तरांना. खबरीचं म्या रचलं. मला ठावं व्हतं."

जावयाला वाटलं ही पुढची गंमत. तो हसला, म्हणाला, "मामा लई भारी हायती." पोरं बी हसली. माझं तोंडच तसलं, खरं बोललं तरी हसूच येतं. मावशीचा तळवा तेवढा विटांवरच.

तवा वरच्या झरोक्यातनं आवाज आला. चाची. चाचा गेल्यापासनं त्येंचा आवाज म्या ऐकला न्हवता. भिंतीपलीकडं त्या बसलेल्याच असायच्या — दर गाडीला, दर बारीला — ह्ये माझ्या कधी डोक्यातच आलं न्हवतं.

"जरा जोरानं बोल की रे सुदाम्या. खोटं सांगायचास तवा तर पार आतल्या खोलीत ऐकू यायचं."