शौर्याच्या नाण्यावरचा अंगठा

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी रंगवणाऱ्यांना वर्गाबाहेर उभं केलंय! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

नारायण पेठेतला आमचा छोटा फ्लॅट — मी आणि बाबा. मला नाणी जमवायचा नाद. गेल्या वर्षी नागरिकांच्या शौर्य पुरस्कारांच्या सन्मानार्थ निघालेलं नाणं मी मागवलं, खास बाबांसाठी. तरुणपणी त्यांनी शेजारच्या पेटलेल्या घरातून दोन मुलं बाहेर काढली होती. पुरस्कारासाठी नाव गेलं, पुढे काहीच झालं नाही. उरला तो उजव्या अंगठ्यावरचा तिरका, गुळगुळीत व्रण. दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलो, की मशीन तो अंगठा नाकारायचं. बाबा म्हणायचे, "यांच्या मते मी कधीच गेलोय. तू उगाच स्वयंपाक करतेस."

नाणं आलं. भिंगातून तपासलं, फोटो काढला — अगदी लख्ख! बाबांनी अंगठा पुढे केला आणि मी ओरडलेच, "अहो बाबा, हात नका लावू! डाग पडतो!" आम्हा संग्राहकांची खोडच ती, उघड्या बोटांनी नाण्याला शिवायचं नाही.

"नाणं आहे का सोवळ्यातला देव?" ते हसले. पण हात मागे घेतला. मी हातमोजे घालून नाणं डबीत बंद केलं आणि शाळेत प्रश्नपत्रिकांची पाकिटं सील करायच्या सवयीने वर चिकटपट्टी लावून सही ठोकली.

पंधरा दिवसांत बाबा गेले. फार रडले मी. ज्यांच्यासाठी आणलं, त्यांनाच शिवू दिलं नाही! कसली मेली शिस्त?

तेराव्याला दुपारी ठरवलं, नाणं त्यांच्या फोटोपुढे उघडंच ठेवायचं. दिवसांसाठी आलेल्या थोरल्या भावासमोर, दादासमोर, कपाटातून डबी काढली. पट्टी, सही — सगळं जसंच्या तसं. पट्टी फाडली, झाकण उघडलं... नाण्यावर अंगठ्याचा ठसा! मधोमध तिरकी, कोरी रेघ.

"तुझाच असेल," दादा म्हणाला. मी माझा अंगठा पुढे केला. त्यावर व्रण नव्हता; दादाने तो ठशाशी ताडून पाहिला. मग डोळे पुसत म्हणाला, "म्हातारा कोणाचं ऐकणारा नव्हताच गं."

आलं त्या दिवशी काढलेल्या फोटोत नाणं अजूनही लख्खच दिसतं. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. ओळखीचे संग्राहक म्हणतात, "मॅडम, पुसा तो डाग, नाणं वाया जाईल." जाऊ दे.

बाबांनी स्वतः दिलेला हयातीचा दाखला आहे तो. मी नाही पुसणार.