नदीपलीकडची वस्ती

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात हलीमा माझ्यावर खेकसली होती. मी नागपूरहून आलेली नवी भूलतज्ज्ञ. सिझेरियनसाठी आणलेल्या बाईच्या पाठीत इंजेक्शन देण्याआधी मी सगळं तिच्या नवऱ्याला समजावत होते. "पाठ कुणाची आहे?" हलीमाने विचारलं. "मग तिला सांग ना." ती तिथली सीनियर मिडवाइफ, पन्नाशीची, उंच, आवाजाला जरब. मला राग आला, पण मी त्या बाईकडे वळले.

पुढे आमचा चहा एकत्र होऊ लागला. हलीमाच्या मायदेशात यादवी चालू होती. देशाचं नाव लिहीत नाही. तिची माणसं अजून तिथेच आहेत. तिच्या गावाला बंडखोरांचा वेढा पडला होता आणि तिची धाकटी बहीण समीरा, शाळेतली शिक्षिका, त्या वेढ्यात अडकली होती.

लंडनमध्ये सरकार आणि बंडखोर यांची बोलणी ठरली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या, परदेशात राहणाऱ्या काही बायकांना 'सल्लागार' म्हणून बोलावणं आलं. हलीमा रजा टाकून गेली. तिथे कळलं, सल्लागारांना वेगळी खोली. मुख्य खोलीत फक्त पुरुष. एक आयोजक कौतुकाने म्हणाला, बायका असल्या की चर्चेत माणुसकी येते. हलीमाने त्याला तिथेच ऐकवलं, "आम्ही दयाळू आहोत म्हणून बोलावू नका. तिथे आमची घरं आहेत म्हणून बोलवा."

पुरुष कैद्यांच्या अदलाबदलीवर अडून बसले होते. तोवर इकडे बायकांनी धान्य आणि औषधं नेण्यापुरता एक रस्ता खुला करायचं जुळवत आणलं. तुमचं म्हणणं आत पोचवतो, असं आयोजक म्हणाले. बायकांनी नकार दिला. संध्याकाळी पत्रकारांसाठी फोटो होता आणि फोटोत बायका हव्या होत्या. एकही उठली नाही. "आधी आत बसवा, मग उभ्या राहतो." दुसऱ्या दिवशी हलीमासह तिघी आत बसल्या.

एवढं ती कुणालाही रंगवून सांगायची. पुढचं तिने मला एकदाच सांगितलं.

बंडखोरांचा सेनापती रस्त्याला तयार झाला, पण नदीपलीकडची वस्ती वगळून. समीरा त्याच वस्तीत राहायची. सरकारी बाजूची माणसं चिडून उठली, तेव्हा हलीमानेच त्यांना थांबवलं. "आज मिळतंय तेवढं घ्या." सह्या झाल्या. त्या आठवड्यात ट्रक गावातल्या हॉस्पिटलपर्यंत पोचले.

बहिणीला तिने स्वतः फोन करून सांगितलं. "म्हणजे आम्हाला सोडून," समीरा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नंतर तिने हलीमाचा एकही फोन घेतला नाही.

वॉर्डात आम्ही केक आणला. हलीमाने तो कापला, सगळ्यांना वाटला, स्वतः खाल्ला नाही. मी म्हटलं, "तू नसतीस तर तो रस्ताही झाला नसता."

"मला माहीत आहे. समीरालाही माहीत असेल. पण तेवढ्याने तिच्या घरात पीठ येत नाही."

पुढच्या वर्षी शेजारच्या देशात दुसरी फेरी ठरली. या वेळी हलीमाला मुख्य खोलीतच जागा देऊ केली होती. तिने ती नाकारून समीराचं नाव सुचवलं. मला ते पटलं नाही.

"इतकं भांडून मिळवलंस आणि सोडतेस?"

"मी नॉटिंगहॅममध्ये राहते," ती म्हणाली. "काय घ्यायचं, काय सोडायचं, हे यापुढे तिथे राहणारीने ठरवावं."

आयोजकांनी समीराला सुखरूप बाहेर काढायची सोय केली. ती गेली. जाताना बहिणीला फोन केला नाही.

मग एका दुपारी आम्ही कँटीनमध्ये असताना हलीमाचा फोन वाजला. ती ताडकन उठली, पुन्हा बसली. बोलणं त्यांच्या भाषेत होतं. मला तिने नंतर सांगितलं. समीरा म्हणाली, "नदीवरचा पूल खुला होतोय. करारात आमची वस्ती घेतली. पण टेकडीखालच्या गल्ल्या त्यांनी दिल्या नाहीत. आणि मी सही केली."

हलीमाने अभिनंदन केलं नाही, समजूतही घातली नाही. तिने एवढंच विचारलं, "तिथे कोण कोण राहतं?"

समीरा तिच्या वर्गातल्या मुलांची नावं सांगू लागली. हलीमाचा चहा निवून गेला. तिने मला हाताने खूण केली, तू जा. मी निघाले, आणि दारातून वळून पाहिलं तेव्हाही ती फोन कानाशी धरून, मान खाली घालून ऐकतच होती.